आठ हजार पौंडांत जुनी स्पोर्ट्‌स कार : कोणती घ्यावी आणि घेताना काय पाहावे?

हॅरोवासी

नमस्कार. गेली अकरा वर्षे मी लंडनच्या वायव्येला हॅरो येथे राहतो. घरात रोजच्या वापरासाठी एक साधी हॅचबॅक आहे आणि ती राहणारच आहे. तिच्या जोडीला एखादी जुनी दोन दारांची स्पोर्ट्‌स कार घ्यावी, रविवारी सकाळी चिल्टर्नच्या टेकड्यांतून चालवावी आणि जमेल तेवढी दुरुस्ती स्वतः करावी, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. गाडी, विमा आणि पहिल्या वर्षाची दुरुस्ती धरून एकूण आठ हजार पौंड मी बाजूला काढले आहेत. ही रक्कम ओलांडायची नाही, असे घरी ठरलेले आहे.

माझ्या मनात पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ आहे. उघडझाप करणारे हेडलाइट असलेली तीच ती छोटी गाडी. त्याखेरीज एमजीबी, ट्रायम्फ स्पिटफायर आणि पोर्शे ९२४ यांच्याही जाहिराती मी पाहतो आहे. परंतु जाहिराती जितक्या जास्त वाचाव्यात तितका गोंधळ वाढतो, असा अनुभव येतो आहे. प्रत्येक विक्रेत्याची गाडी ‘वयाच्या मानाने अप्रतिम’ असते आणि प्रत्येकाला ती ‘केवळ जागेअभावी’ विकायची असते.

माझी परिस्थिती अशी : बंद गॅरेज नाही, घरासमोर उघडी जागा आहे. वर्षाला फार तर दोन हजार मैल चालवीन. पाना हातात धरता येतो, परंतु वेल्डिंग येत नाही. मुलगी सात वर्षांची आहे आणि दोनच आसने असलेल्या गाडीत आपली जागा कोणती, हा तिचा प्रश्न अद्याप अनुत्तरित आहे. ज्यांनी अशी गाडी घेतली आहे, किंवा घेऊन पस्तावले आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

आर्द्रा

माझ्याकडे १९९७ सालची एमएक्स-५ नऊ वर्षे होती, म्हणून आधी तिच्याबद्दल लिहिते. १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात ही गाडी लोकांसमोर आली आणि पुढच्या वर्षी ब्रिटनमध्ये विक्रीला लागली. वजन एक टनाहून कमी, इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना, अशी तिची सरळ मांडणी आहे. जुन्या इंग्रजी स्पोर्ट्‌स गाड्यांचा आनंद हवा, पण त्यांचा रुसवाफुगवा नको, अशा माणसासाठीच ती जणू बनवलेली आहे. दोन महिने उभी राहिली तरी बॅटरी ठीक असेल तर पहिल्या फेऱ्यात सुरू होते.

इंजिनाची चिंता फारशी करू नका. साठ हजार मैलांना टायमिंग बेल्ट बदलल्याची पावती मागा. तो न बदलता कोणी चालवली असली आणि बेल्ट तुटला, तरी पहिल्या पिढीच्या या इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत, म्हणजे गाडी बंद पडेल पण इंजिन वाचेल. थंड इंजिनाची टकटक बहुधा हायड्रॉलिक टॅपेटची असते आणि ताजे ऑइल घातले की पुष्कळदा थांबते. अगदी सुरुवातीच्या, म्हणजे १९९१च्या मध्यापर्यंतच्या १.६ लिटर इंजिनांत क्रँकशाफ्टचे, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचे, पुढचे टोक आखूड आहे आणि तेथील पुली सैल होऊन खाच झिजते. गाडी सुरू असताना पुली डुगडुगते का, तेवढे पाहा. १९९५ नंतरच्या ब्रिटिश १.६ लिटर गाड्यांची ताकद कमी करून नव्वद अश्वशक्तीच्या आसपास आणलेली होती, त्यापेक्षा १.८ लिटरची गाडी घ्यावी.

खरा शत्रू गंज आहे. कापडी टपाच्या मागून पाणी वाहून जाण्यासाठी दोन बारीक नळ्या असतात. पानगळीत त्यांत कचरा बसला की ते पाणी थेट दाराखालच्या पोकळ पत्र्यात, म्हणजे सिलमध्ये, उतरते आणि मागच्या चाकाच्या अलीकडचा पत्रा आतून कुजू लागतो. बाहेर फोड दिसू लागतो तेव्हा आतला थर संपलेला असतो. म्हणून त्या कोपऱ्यात बोट दाबून पाहा, आणि सीटमागचा गालिचा ओला आहे का, हेही पाहा. जपानहून आयात झालेली ‘युनोस रोडस्टर’ ही तीच गाडी आहे. तिकडे बहुतेक भागांत रस्त्यांवर इथल्याइतके मीठ पडत नसल्याने तिचा पत्रा अनेकदा अधिक निरोगी निघतो.

गंजलेला_गडी

आर्द्राताईंच्या एकाही वाक्याशी माझा मतभेद नाही. परंतु धागाकर्त्याने राहण्याचे ठिकाण लिहिले आहे आणि सगळी गोष्ट तिथेच अडते.

हॅरो यूलेझच्या, म्हणजे जास्त प्रदूषण करणाऱ्या गाड्यांवर शुल्क असलेल्या लंडनमधील क्षेत्राच्या, हद्दीत येते. २९ ऑगस्ट २०२३ पासून ही हद्द संपूर्ण बृहन्‌लंडनभर आहे. पेट्रोल गाडीने सामान्यतः प्रदूषणमर्यादेची युरो ४ ही पातळी गाठलेली असावी लागते, अन्यथा ज्या दिवशी गाडी हलेल त्या दिवसाचे साडेबारा पौंड भरावे लागतात. दिवस मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत मोजला जातो आणि नाताळचा एक दिवस सोडला तर सुटी नाही. नव्वदच्या दशकातील एमएक्स-५ ही पातळी साधारणपणे गाठत नाही. म्हणजे रविवारी घराबाहेर पडून चिल्टर्नला जाऊन यायचे साडेबारा पौंड, आणि दूध आणायला गेलात तरी साडेबाराच. वर्षात चाळीस रविवार धरले तर पाचशे पौंड झाले.

याउलट ज्या गाडीला बांधून चाळीस वर्षे झाली आहेत आणि जिची नोंद ‘ऐतिहासिक’ करवर्गात आहे, तिला यूलेझ माफ आहे, रस्ताकर शून्य आहे आणि मोठे फेरफार केलेले नसतील तर एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यायोग्य आहे का याच्या वार्षिक चाचणीची सक्तीही नाही. ही चाळीस वर्षे दरवर्षी पुढे सरकतात : गाडी ज्या १ जानेवारीपूर्वी बांधलेली आहे, त्या तारखेपासून चाळीस वर्षांनी येणाऱ्या १ एप्रिलपासून सवलत मिळते. एमएक्स-५च्या अगदी पहिल्या गाड्यांना ती २०३० साली मिळेल. एमजीबीचा अॅबिंग्डनचा कारखाना १९८० साली बंद झाला, त्यामुळे रस्त्यावरची प्रत्येक एमजीबी आजच या वर्गात बसते. जी गाडी जुनी आहे ती लंडनमध्ये महाग आणि जी त्याहून जुनी आहे ती फुकट, असा हा न्याय आहे. आपण त्याचा लाभ घ्यावा.

माझ्याकडे चौदा वर्षांपासून एमजीबी जीटी आहे. टप उघडणारी रोडस्टर सगळ्यांना हवी असते. जीटीला लोखंडी छत आणि मागे उघडणारे दार आहे. तिचा आकार पिनिनफारिना या इटालियन कारखान्याने १९६५ साली बसवून दिला आणि माझ्या मते तो रोडस्टरपेक्षा देखणा आहे, तरीही ती स्वस्त मिळते. मागे एक अरुंद बाक आहे. मोठ्या माणसाला त्यावर बसवणे ही शिक्षा होईल, पण सात वर्षांच्या मुलीचा प्रश्न तिथे काही वर्षांपुरता तरी सुटतो. फक्त तिची बूस्टर सीट आणि पट्टा तिथे नीट बसतो ना, हे आधी पाहा. उघड्यावर उभी राहणार असेल तर कापडी टपापेक्षा लोखंडी छत केव्हाही बरे.

आणखी एक सल्ला पैशांबाबत. १९७४च्या अखेरीपासून एमजीबीला काळे रबरी बंपर आले आणि अमेरिकेतील नियमांसाठी गाडी दीड इंच उंच करण्यात आली. रसिक मंडळी त्यामुळे नाके मुरडतात आणि चकचकीत क्रोम बंपरांच्या गाड्यांसाठी बरेच जास्त मोजतात. तुम्ही नाक मुरडू नका. त्याच पैशांत क्रोमची कुजकी गाडी येते आणि रबराची धडधाकट येते. १९७६च्या मध्यानंतरच्या गाड्यांना मागेही अँटी-रोल बार बसवला गेला, त्यामुळे वळणावरचा झोकाही आवरला गेला.

तिरकस

एमजीबी ही स्पोर्ट्‌स कार आहे, असे गृहीत धरून चर्चा चालली आहे म्हणून नोंदवतो : तिचे १७९८ सीसीचे इंजिन उमेदीच्या काळात ९५ अश्वशक्ती देत असे आणि नंतरच्या गाड्यांत त्याहूनही कमी. आजची कुठलीही डिझेल हॅचबॅक तिला सिग्नलवर मागे टाकील. वेगाचा सोस असेल तर तिसऱ्या पिढीची टोयोटा एमआर-२ का पाहू नये? इंजिन मध्यभागी, १४० अश्वशक्ती, आणि ती इतकी अलीकडची आहे की बऱ्याच गाड्या यूलेझमध्ये चालतात.

आर्द्रा

चालतात हे खरे आहे, परंतु प्रत्येक गाडीचा नंबर लंडन परिवहनाच्या संकेतस्थळावर टाकून खात्री करूनच घ्यावी. वर्षावरून अंदाज बांधू नये. त्या एमआर-२च्या सुरुवातीच्या इंजिनांत एक्झॉस्टच्या इंजिनालगतच्या भागात असलेल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या छोट्या कॅटॅलिस्टचा भुगा होतो आणि तो इंजिनात ओढला जाऊन सिलिंडर खराब होतात. गाडी ऑइल पीत असेल तर शंभर पावले दूर राहा. दुसऱ्या पिढीच्या एमएक्स-५लाही हाच नियम : नंबर तपासा, आणि पुढच्या बाजूच्या चॅसीच्या पेटीसारख्या दोन दांड्यांखाली हात घालून पत्रा चाचपा, कारण त्या आतून कुजतात आणि वरून काहीच दिसत नाही.

तिरकस यांनी वेगाचा मुद्दा काढला आहे, तर एक सांगते. ताशी पन्नास मैलांवर जी गाडी जिवंत वाटते तिच्यात आपला परवाना आणि हाडे दोन्ही शाबूत राहतात.

कोल्हापुरी_क्लच

मी इंग्लंडमध्ये कधी राहिलेलो नाही, तरी या धाग्यात लिहिण्याचा मला थोडा अधिकार आहे, असे वाटते. आमच्या वडिलांचे शाहूपुरीत गॅरेज होते आणि माझे बालपण अँबेसेडरच्या बॉनेटखाली गेले. अँबेसेडर म्हणजे मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, आणि तिचे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन हे बीएमसी या ब्रिटिश कंपनीच्या बी-मालिकेचे. एमजीबीचे १७९८ सीसीचे इंजिन त्याच मालिकेतील थोरले भावंड आहे. तेच लोखंडी ब्लॉक, तेच पुशरॉड, तोच बाजूला लटकलेला डिस्ट्रिब्यूटर. इंटरनेटवर त्या गाडीच्या इंजिनाचे छायाचित्र पाहिले की मला आमच्या गॅरेजमधल्या ऑइलचा वास येतो.

या इंजिनाबद्दल वडील म्हणत की ते मरत नाही, फक्त म्हातारे होते. त्याची परीक्षा ऑइल प्रेशरवर करावी. गाडी वीसेक मैल चालवून इंजिन पुरते तापवावे आणि मग काटा पाहावा. चालत्या गाडीत पन्नासच्या वर आणि उभ्या गाडीत पंधराच्या आसपास राहिला तर घाबरण्याचे कारण नाही. थंड इंजिनाचा काटा सगळ्यांचाच चांगला असतो. त्यासाठी गाडी बघायला गेल्यावर सर्वांत आधी बॉनेटवर हात ठेवावा. ते कोमट लागले तर मालकाने तुम्ही येण्यापूर्वी गाडी सुरू करून ठेवली आहे, आणि का ठेवली हे त्यालाच विचारावे. ऑइल थोडे गळणारच; या इंजिनाखाली पुठ्ठा ठेवण्याची पद्धत आमच्याकडेही होती.

धागाकर्त्याने ट्रायम्फ स्पिटफायरचे नाव घेतले आहे. तिचेही आपल्याकडे नाते आहे. मद्रासला बनणारी स्टँडर्ड हेराल्ड ही मूळची ट्रायम्फ हेराल्ड, आणि तिचीच चॅसी आखूड करून स्पिटफायर बांधली गेली. अख्खे बॉनेट पंखांसकट, म्हणजे चाकांवरच्या पत्र्यांसकट, पुढे कलंडते, त्यामुळे टायरवर बसून इंजिनाचे काम करता येते; मेस्त्रीसाठी याहून सोयीची गाडी नाही. मात्र १५००च्या इंजिनाची बेअरिंगे नाजूक आहेत आणि क्रँकशाफ्टला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या पातळ चकत्या झिजून खाली ऑइलच्या भांड्यात पडतात. एकाला क्लच दाबायला सांगावे आणि दुसऱ्याने पुढच्या पुलीकडे पाहावे. क्लच दाबताच पुली डोळ्यांना दिसेल इतकी पुढे सरकली, तर नमस्कार करून निघावे.

पुण्यनगरीकर

थोडे अवांतर होईल, पण अशी गाडी तिकडे स्वस्तात घेऊन पुण्याला आणता येते का?

गंजलेला_गडी

नाही. भारतात वापरलेली गाडी सामान्यतः तीन वर्षांहून जुनी असेल तर आयातच करता येत नाही. फार जुन्या व्हिंटेज गाड्यांचे नियम निराळे आहेत, पण त्यांवरचे शुल्क भरण्यापेक्षा देशातच असलेली गाडी शोधणे शहाणपणाचे ठरेल. तिथे २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे असलेली स्वतंत्र नोंदणी मिळते, नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये आहे आणि गाडी रोजच्या वापरासाठी नसते. पुढे चर्चा करायची असल्यास नवा धागा काढावा, ही विनंती.

हॅरोवासी

सर्वांचे मनापासून आभार. यूलेझचा विचार मी मुळीच केला नव्हता. हिशेब मांडल्यावर पहिल्या पिढीची एमएक्स-५ यादीतून खाली गेली, आणि तिच्या जागी एमजीबी आली.

काल केंट परगण्यात एका गाडी-विक्रेत्याकडे जाऊन आलो. १९७२ची लाल रोडस्टर, क्रोम बंपर, तारांची चाके, मागणी सात हजार दोनशे. छायाचित्रांत ती इतकी सुंदर होती की मी पत्नीला न दाखवता फोनमध्ये जपून ठेवली होती. येथे वाचलेले सगळे मनात नसते तर मी विसार देऊनच परत आलो असतो.

बॉनेट गरम होते. दाराची फट खाली बोटभर आणि वर जेमतेम पैशाएवढी, म्हणजे गाडी मध्यभागी खचलेली आहे, असे मी समजलो. रुमालात गुंडाळलेले लोहचुंबक नेले होते. पुढच्या चाकामागे ते चिकटले, पण मागच्या चाकाच्या अलीकडे, तळहाताएवढ्या जागेत, चारदा लावले आणि चारदा खाली पडले. तिथे पत्रा नसून लांबी आहे, म्हणजे निव्वळ पुट्टी, हे मला देखील कळले. खाली वाकून पाहिले तर सगळीकडे नवा कोरा काळा डांबरी लेप दिलेला. विक्रेता म्हणाला की गंजापासून संरक्षण म्हणून मागच्याच आठवड्यात दिला. मी जॅक लावून पाहू का, असे विचारले, तेव्हा त्यांना अचानक दुसरे गिऱ्हाईक येणार असल्याचे आठवले.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. सिल बदलायचा खर्च साधारण किती येतो? आणि पावतीवर ‘आहे त्या स्थितीत विकली’ असे लिहिलेले चालते का?

गंजलेला_गडी

जॅकला घाबरणारा विक्रेता आपल्याला अर्धी माहिती फुकटच देतो.

एमजीबीला वेगळी चॅसी नाही. दाराखालची सिल हाच तिचा कणा आहे, आणि तो तीन थरांचा असतो : बाहेरचा पत्रा, मधला उभा पडदा आणि आतली पेटी. काम नीट करायचे तर पुढच्या पंखाचा आणि मागच्या पत्र्याचा खालचा भाग कापून, गाडीला आधार देऊन, तिन्ही थर नवे वेल्ड करावे लागतात. लबाड काम म्हणजे कुजक्या सिलवर नवा बाहेरचा पत्रा ठोकून रंग देणे. तुम्ही पाहिलेल्या गाडीत बहुधा तेच झालेले आहे. मला चार वर्षांपूर्वी दोन्ही बाजूंचे काम रंगासह सव्वातीन हजार पौंडांना पडले. म्हणजे ती लाल गाडी खरे तर दहा हजारांच्या वर जाते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर : विक्रेता व्यावसायिक असेल तर त्या वाक्याने तुमचे हक्क बुडत नाहीत. २०१५च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार गाडी सदोष निघाल्यास तीस दिवसांत परत करता येते. खासगी माणसाकडून घेताना मात्र असा आधार जवळजवळ नसतो. त्याने सांगितलेली माहिती खोटी ठरली तरच काही करता येते. तरीही मी खासगी मालकाकडूनच घेईन, कारण गाडीबरोबर तिचा माणूसही पाहायला मिळतो.

कागदांकडे वळतो. सरकारी संकेतस्थळावर नुसता नंबर टाकला की एमओटीचा इतिहास फुकट दिसतो : दरवर्षीचे मैल, नापास होण्याची कारणे, सूचना. ‘सिलला किरकोळ गंज’ हे वाक्य तीन वर्षे लागोपाठ येऊन चौथ्या वर्षी गायब झाले असेल, तर वेल्डिंगची पावती मागावी. चाळीस वर्षांवरील गाड्यांना २०१८पासून चाचणी माफ झाली आहे, त्यामुळे अनेक एमजीबींचा इतिहास त्याच वर्षी थांबतो. जो मालक सक्ती नसतानाही दरवर्षी चाचणी करून घेतो, त्याची गाडी पाहायला दूर जावे लागले तरी जावे. नाहीतर, ‘तुमच्या खर्चाने नको, माझ्या खर्चाने आजच एमओटी करून घेऊ’ असे सुचवून पाहावे. उत्तराआधी चेहरा पाहावा.

आणि लॉगबुकाला, म्हणजे इथल्या नोंदणीपत्राला, आपल्याकडच्या आरसी बुकासारखे मालकीचे प्रमाणपत्र समजू नका. त्यावर लिहिलेला माणूस गाडीचा नोंदणीकृत सांभाळणारा असतो, मालक असेलच असे नाही. गाडीवर कर्ज थकले आहे का, हे थोडे पैसे देऊन वेगळे तपासून घ्यावे.

आर्द्रा

विम्याचे राहिले. जुन्या गाडीसाठी वेगळी क्लासिक पॉलिसी घ्या आणि ती ‘मान्य मूल्या’ची असावी, म्हणजे छायाचित्रे पाठवून गाडीची किंमत आधीच ठरवून घेतलेली. नाहीतर अपघातानंतर कंपनी बाजारभाव म्हणून स्वतःचा आकडा सांगते. मैलांची मर्यादा मान्य केली आणि घरात रोजची दुसरी गाडी असली, की हप्ता बराच कमी बसतो. तुमच्या दोन्ही अटी पूर्ण होतात.

टायरही पाहा. नक्षी भरपूर असते, कारण गाडी चाललेलीच नसते, पण रबर वाळून कडक झालेले असते. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. ‘१२१३’ म्हणजे २०१३ सालचा बारावा आठवडा. तसा टायर पावसात घात करतो. चार नवे टायर हा खर्च मनात धरूनच किंमत बोला.

तिरकस

पोर्शे ९२४चा कुणी उल्लेखही करीत नाही. १९८४ किंवा त्याआधीची घेतली तर यूलेझही माफ, आणि तिचा पत्रा जस्ताचा थर दिलेला असल्याने इंग्रजी गाड्यांपेक्षा टिकाऊ.

गंजलेला_गडी

१९८१पासूनच्या गाड्यांबाबत पत्र्याचे म्हणणे बरोबर आहे. परंतु आठ हजारांच्या आतली पोर्शे घेणाऱ्याने सुटे भाग पोर्शेच्या भावाने घ्यावे लागतात, हे लक्षात ठेवावे. एमजीबीचा जवळजवळ प्रत्येक भाग, अगदी संपूर्ण नवा सांगाडासुद्धा, आजही नवा बनतो आणि अनेक दुकानांत मिळतो. स्वतः काम करायचे असेल तर हा मुद्दा माझ्यासाठी निर्णायक आहे.

हॅरोवासी

तीन आठवड्यांनी लिहितो आहे, क्षमस्व. गाडी घेतली.

ऑक्सफर्डशायरमधील एका निवृत्त शिक्षकांकडे १९७८ची एमजीबी जीटी होती. रंग तपकिरी आणि रबरी बंपर. छायाचित्रांत ती इतकी सामान्य दिसत होती की जाहिरात पाच आठवडे तशीच पडून होती. मागणी पाच हजार नऊशे. पोचलो तेव्हा बॉनेट बर्फासारखे थंड होते. आजोबांनी आधी जाडजूड फाइल माझ्या हातात ठेवली आणि मग चहा विचारला. २००९ साली दोन्ही सिल पूर्ण बदलल्याची पावती तीत होती, आणि कापलेल्या पत्र्याची, उघड्या पडलेल्या मधल्या पडद्याची, नव्या थरांची अशी बावीस छायाचित्रे होती. सक्ती नसतानाही दरवर्षी एमओटी केलेली. मी जॅकबद्दल विचारण्याआधीच त्यांनी तो काढून ठेवला होता. लोहचुंबक सगळीकडे चिकटले. फक्त मागच्या दाराच्या खालच्या कडेला एके ठिकाणी निसटले आणि त्यांनी स्वतःहून सांगितले की तिथे लांबी आहे, दार १९९५ साली गॅरेजच्या कडीवर आपटले होते.

पंचवीस मैल चालवली. तापल्यावर ऑइल प्रेशर चालताना साठ आणि उभ्या गाडीत अठरा. गिअरच्या मुठीवरचे ओव्हरड्राइव्हचे, म्हणजे वेगात इंजिनाचे फेरे कमी करणाऱ्या जोडगिअरचे, बटण चौथ्या गिअरमध्ये दाबले तर काहीच झाले नाही. त्याचा, आठ वर्षांच्या टायरांचा आणि डावीकडच्या मागच्या शॉक-अॅब्झॉर्बरमधून गळणाऱ्या ऑइलचा विषय काढून मी पाच हजार दोनशे म्हणालो. त्यांनी बराच वेळ गाडीकडे पाहिले आणि पाच हजार चारशे म्हणाले. हात मिळवला. रस्ताकर नव्या मालकाकडे आपोआप जात नाही, म्हणून लॉगबुकाच्या हिरव्या चिठ्ठीवरचा क्रमांक टाकून शून्य पौंडांचा कर तिथेच फोनवर भरला, विमा सुरू केला आणि मगच निघालो.

ओव्हरड्राइव्हचा दोष दुसऱ्या रविवारी सापडला. गिअरच्या मुठीखालून जाणारी तार तुटलेली होती. दीड पौंडाचे काम. टायर आणि शॉक-अॅब्झॉर्बर मिळून पाचशे चाळीस झाले. विमा धरूनही हजार पौंडांहून अधिक शिल्लक आहेत, आणि ते मी पत्नीला सांगितलेले आहेत, ही चूक झाली.

मुलगी मागच्या बाकावर आडवे पाय करून बसते आणि मागच्या काचेतून येणाऱ्या गाड्यांना हात करते. पेट्रोल पंपावर अनोळखी माणसे येऊन त्यांच्या काकांकडे अशीच गाडी होती, असे सांगतात. आतापर्यंत सहा काका झाले.

एक शंका उरली आहे. नियमावलीत पुढच्या चाकांच्या किंगपिनना, म्हणजे चाके ज्यांवर वळतात त्या खुंट्यांना, दर तीन हजार मैलांना ग्रीस भरावे असे लिहिले आहे. मी वर्षाला दोन हजारच चालवणार असेन, तर दीड वर्षाने भरले तर चालेल का?

गंजलेला_गडी

मनःपूर्वक अभिनंदन. चालणार नाही. ग्रीस मैलांनीच संपते असे नाही, ते पावसाने धुतले जाते आणि उभ्या गाडीत वाळतेही. तुमची गाडी उघड्यावर असते. वर्षातून दोनदा, हिवाळ्याच्या आधी आणि हिवाळा संपताच, प्रत्येक बाजूच्या ग्रीस भरायच्या तिन्ही निपलांतून नवे ग्रीस बाहेर डोकावेपर्यंत भरा. जुने ग्रीस पुसून काढा, नाहीतर त्यावर खडी चिकटते. आणि पेट्रोल ‘सुपर’च भरा : साध्या ९५ ऑक्टेन पेट्रोलमध्ये २०२१पासून दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुन्या रबरी नळ्या त्याने मऊ पडतात. इंजिनाजवळच्या नळ्यांवर साल छापलेले असते. ते काय आहे, पाहून येथे लिहा.

हॅरोवासी

आत्ताच टॉर्च घेऊन पाहून आलो. दोन नळ्यांवर २०१६ आहे. तिसरीवरचे अक्षर पुसले गेले आहे आणि ती बोटाला चिकट लागते. उद्या सकाळी बदलतो.